झाकणाच्या कंपनीची चौकशी

“एकविसाव्या शतकात नोकरी माणसाला निवडत नाही, माणूस नोकरीला निवडतो!”

शहापूरच्या कॉलेजच्या सभागृहात हे वाक्य उच्चारणारे गृहस्थ कल्याणहून आलेले करिअर मार्गदर्शक होते. वाक्य संपल्यावर ते टाळ्यांसाठी थांबले, टाळ्या मिळाल्या, मग त्यांनी दीड तास मार्गदर्शन केले, शाल-श्रीफळ घेतले आणि निघताना प्राचार्यांना खांबाआड नेऊन स्वतःचा बायोडेटा त्यांच्या हातात दिला. काहीही चालेल, म्हणाले. ग्रंथालयातसुद्धा.

नम्रता वेखंडेने हा शेवटचा भाग पाहिला नाही. ती वहीत मुद्दे उतरवून घेत होती. मुलाखतीला जाण्याआधी कंपनीचे संशोधन करा. तिचा इतिहास पाहा, उत्पादन पाहा, तिथली माणसे टिकतात का, वरिष्ठांचा स्वभाव कसा आहे, सगळे शोधून काढा. ‘सगळे’ या शब्दाखाली तिने दोन रेघा ओढल्या. सांगितलेले खरे मानायचे आणि खरे असेल ते सांगून टाकायचे, हे दोन्ही दोष तिच्यात बी.एस्सी. होईपर्यंत टिकून राहिले होते. गेल्या उन्हाळ्यात तिने गावच्या टाकीतले पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून आणले आणि त्यात काय काय निघाले ते ग्रामसभेत वाचून दाखवले. तेव्हापासून सरपंच तिला मॅडम म्हणत आणि तिच्या बापाला ओळख देत नसत.

तिचे गाव किन्हवलीच्या अलीकडे. बाप चंदर, भाताची शेती आणि जोडीला वाशिंदच्या एका कारखान्यात पाळीचे काम. चंदर तसा सरळ माणूस होता. पण पाच मुलाखती देऊन पोरगी पाचही वेळा ‘कळवतो’ हा एकच शब्द घेऊन घरी आली, तेव्हा त्याने आपला निर्णय कळवला.

“ही सहावी. आन ही शेवटची हां. तुळशीचं लगीन लागलं का तुझ्यासाठी बघायला सुरवात. मग माझ्याकडं रडायचं नाय.”

तुळशीच्या लग्नाला महिना उरला होता. सहावी मुलाखत मुरबाडच्या एम.आय.डी.सी.तल्या ‘अमोघ कॅप्स अँड क्लोजर्स’ या कंपनीत होती. एवढ्या लांबलचक नावाची ही कंपनी बाटल्यांची झाकणे करी. जागा क्वालिटी इन्स्पेक्टरची, म्हणजे झाकण नीट आहे की नाही हे बघून सही करण्याची. नम्रताने संशोधनासाठी कंपनीची वेबसाइट उघडली. तिच्यावर चार फोटो होते. हस्तांदोलन करणारे दोन गोरे हात, पृथ्वीचा गोल, एक हिरवे पान आणि कानाला हेडफोन लावून कारण नसताना हसणारी बाई. झाकण एकही नाही. ‘आमच्याविषयी’ वर बोट ठेवले की ‘लवकरच येत आहोत’ असे उमटे. खाली साल होते २०१६. म्हणजे कंपनी गेली कित्येक वर्षे येतच होती.

“काय बघतंस गो एवढं?” ओटीवरून आवाज आला.

हे धाऊ तात्या, चंदरचे थोरले बंधू. यांची ओळख नीट करून दिली पाहिजे, कारण पुढे जे झाले ते यांनी केले. तात्यांचा जाहीर व्यवसाय शेती. खरा व्यवसाय चौकशी. पंचक्रोशीत कुणाला स्थळ आले की मुलाकडची किंवा मुलीकडची माहिती काढायला तात्यांना पाठवत. त्यांच्या चौकशीवर त्रेचाळीस लग्ने जमली होती आणि एकोणीस मोडली होती, आणि मोडलेल्यांच्या घरून त्यांना अजून दिवाळीचा फराळ येई. डोक्याला टोपी, खिशात तंबाखूची डबी आणि खांद्याला पिशवी. पिशवीत पाण्याची प्लास्टिकची बाटली. तिचे झाकण गेल्या शिमग्याला हरवले होते, म्हणून तोंडात दुधाच्या पिशवीचा बोळा कोंबलेला असे.

“कंपनीची माहिती काढतेय, तात्या. मुलाखतीला जायच्या आधी सगळं संशोधन करायचं असतं. माणसं कशी आहेत, टिकतात का, वरचे लोक कसे आहेत.”

तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली. “म्हंजे चौकशी?”

“हो, तसंच. पण—”

“मग ती त्या मोबाइलात करतंस? सोयरिकीची चौकशी कोन घरात बसून करतो का? कपडे कर. शनवारी निघू.”

तात्यांच्या आयुष्यात प्रथमच त्यांच्या कामाला सरकारमान्य शब्द मिळाला होता. संशोधन! शनिवारपर्यंत त्यांनी तो गावात अकरा जणांना ऐकवला.

एस.टी.त बसल्यावर त्यांनी नम्रताला या शास्त्राचे नियम सांगितले. पुढचे दार बघायचे नाही, ते पाव्हण्यांसाठी लिंपलेले असते. बघायचे मागचे दार. चांगले बोलणाऱ्याचे ऐकून घ्यायचे, पण लिहून ठेवायचे ते बांधाला बांध लागून असलेल्याचे.

“आन सगळ्यांत मोठा नियम. आपन कशासाठी विचारतोय ते सांगायचं नाय. कधीच नाय. सांगितलंस का समोरचा सावध झाला.”

“पण मग त्यांना काय वाटेल?”

“वाटू दे. वाटन्यावर आपला ताबा नाय.”

हा नियम तेवढा नम्रताने वहीत उतरवला नाही. उतरवून त्याच्यावरच दोन रेघा मारून खोडला असता तर पुढचे बरेच टळले असते.

अमोघ कंपनीच्या पुढच्या दाराशी संगमरवरी गणपती होता, हिरवळ होती आणि ‘गुणवत्ता हाच आमचा श्वास’ अशी पाटी होती. तात्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. कुंपणाला वळसा घालून ते मागे गेले. तिथे निळ्या ताडपत्रीखाली माणूसभर उंचीचा ढीग होता आणि ताडपत्री जिथे फाटली होती तिथून कंपनीचा श्वास बाहेर सांडला होता. पांढरी झाकणे. शेकड्यांनी. मागच्या फाटकावर मंगळू नावाचा वॉचमन स्टुलावर बसला होता. माळशेजच्या बाजूच्या वाडीतला, वयाने तात्यांएवढाच. तात्यांनी डबी पुढे केली. तात्यांची प्रश्नपत्रिका नेहमी डबीनेच सुरू होई.

“किती मानसं असतील आत?”

“दोनशे.”

“सनवार करतात?”

“दसऱ्याला पूजा असते. पेढा देतात.”

“किती?”

“एक.”

तात्यांनी नम्रताकडे पाहिले. ही नोंद घे, असा त्याचा अर्थ होता. “पगार टायमावर?”

“दहाला.”

“दहाला म्हंजे दहाला?”

मंगळूने चुना बोटावर घेतला. “बाराला.”

“आन ते माल तपासायला पोरी असतात त्या? टिकतात का?”

“क्वालिटीच्या? वरसात तीन गेल्या बघा. एक रडत गेली, एक लगीन करून गेली, एक नुसतीच गेली. डबा पन इथंच ठेवून गेली.”

“का गेल्या?”

“कागदावर सही करा बोलायचे. माल पास म्हनून.” मंगळूने ताडपत्रीकडे हनुवटी केली. “आन माल तर ह्यो.”

तात्या गंभीर झाले. ढिगाशेजारी वाकून त्यांनी सांडलेली झाकणे निरखल्यासारखी केली आणि चार उचलून खिशात टाकली. नम्रताला वाटले पुराव्यासाठी. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “वरसात तीन सुना म्हायेरी गेल्या. म्हंजे आता सासू बघितली पायजेल. तुला चिठ्ठी कोनी धाडली?”

“ई-मेल. शेखर हरड म्हणून आहेत, एच.आर. मॅनेजर.”

“मालक?”

“मालक मुलुंडला असतात.”

“मुलुंडला आपला हात पोचत नाय. हरड म्हंजे सरळगावच्या आतले. चल.”

सरळगावच्या एस.टी.त तात्यांनी पिशवीतली बाटली काढली, दुधाच्या पिशवीचा बोळा खिडकीबाहेर सन्मानाने सोडला आणि कंपनीचे एक झाकण बाटलीवर घट्ट बसवले. चेहऱ्यावर अशी तृप्ती, जशी चव्वेचाळिसावे लग्न जमल्यावर यावी. दोन थांबे गेले आणि शेजारच्या मास्तरांनी आपल्या पांढऱ्या पँटकडे पाहिले.

“अहो, तुमची पिशवी गळतेय.”

तात्यांनी दुसरे झाकण लावले. तेही गळले. तिसरेही. मास्तर उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहून उतरले. चौथ्याला तर चीरच होती.

“आणा इकडं,” म्हणून नम्रताने ती चारही झाकणे हातात घेतली. इतका वेळ ती लाजेने खिडकीबाहेर बघत होती. आता तिचा चष्मा झाकणांवरून हलेना. आतल्या बाजूला प्रत्येकावर एक बारीक आकडा उठवलेला होता. चिरलेल्यावर आठ. गळणाऱ्या तिन्हींवर सतरा. तिन्हींच्या आतल्या कडेला, एकाच ठिकाणी, नखाला लागेल न लागेल असा उंचवटा होता.

“तात्या, तिन्ही सतरा नंबरची आहेत.”

“मग?”

“एका वेळेला पुष्कळ झाकणं निघतात साच्यातून. प्रत्येक घराला नंबर असतो. सतराव्या घरातच काहीतरी बिघडलंय.”

“घरात बिघडलेलंच असतं,” तात्या म्हणाले आणि पिशवी पिळू लागले. बोळा फेकल्याचे त्यांना आता वाईट वाटत होते.

सरळगावला शाम नाभिकाचे दुकान तात्यांच्या माहितीतले होते. दाढी नव्हती तरी ते खुर्चीत बसले, साबण लावून घेतला आणि आरशातून चौकशी सुरू केली. नम्रता बाकड्यावर बसली होती.

“शेखर हरड म्हनून कोन आहेत का रे इकडं?”

“आपले शेखरभाऊ? कंपनीत मॅनेजर? माझ्याकडंच येतात कटिंगला.”

“मानूस कसा?”

“सोन्यासारखा.”

“घेतो का?”

“सुपारी पन नाय.”

“रागीट?”

“राग येतो पन गिळतो.”

“आई हाय?”

“अंबूबाई? हाय ना. तिच्यापुढंच गिळतो.”

“जमीन किती?”

नम्रताने बाकड्यावरूनच दबका आवाज काढला, “तात्या! जमीन कशाला?”

“जमीनवाला मानूस नोकरीचा राग हाताखालच्यांवर काढत नाय,” तात्यांनी साबणातून उत्तर दिले. यात शास्त्र होते. पण शाम नाभिकाचा वस्तरा थांबला होता. त्याने आरशात आधी तात्यांना पाहिले, मग वळून नम्रताला. टोपीवाला म्हातारा, संगे चष्मेवाली शिकलेली पोरगी, आणि प्रश्न असे. शामने पंखा तिच्या बाजूला फिरवला. समोरच्या हॉटेलात आरोळी दिली, “दोन स्पेशल! आलं घालून!” नोकरी शोधणाऱ्यांना कुणी आलं घालून चहा देत नाही, हे पाच मुलाखतींच्या अनुभवावरून नम्रताला पक्के ठाऊक होते.

“अहो, मी नोकरीसाठी—” ती म्हणाली.

तात्या साबणासकट खोकले. “शिकलेली हाय,” ते शामला म्हणाले. “बी.एस्सी.”

“दिसतेच,” शाम म्हणाला. निघताना त्याने गाव-आडनाव तेवढे विचारून घेतले, दाढीचे पैसे मात्र घेतले नाहीत.

मंगळवारी एका मोटारसायकलवर दोन माणसे गावात आली. त्यांनी पंपाशी पाणी मागितले, पण प्यायली नाहीत. देवळाशी बसलेल्यांना पाऊसपाणी विचारले आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले, की चंदर वेखंड्याच्या बांधाला बांध कुणाचा? एवढे ऐकल्याबरोबर तिथेच बसलेल्या धाऊ तात्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हा त्यांचा स्वतःचा प्रश्न होता. आजवर तो कुणी त्यांच्यावर चालवला नव्हता.

बांधाला बांध पंढरीचा. पंढरी आणि वेखंडे यांच्यात हातभर बांधावरून अकरा वर्षे बोलणे नव्हते. ती दोन माणसे पंढरीच्या खळ्यावर अर्धा तास बसली, त्याच्याशी हात मिळवून निघून गेली.

संध्याकाळपर्यंत बातमी चंदरकडे पोचली. मुरबाडकडचा पोरगा. मॅनेजर. स्वतःची जमीन. सुपारी पण नाही. चंदर पाळीवरून आला तो हसतच.

“दादा, हे तुमी केलंत?” त्याने तात्यांना विचारले.

तात्यांनी नाही म्हणावे तर श्रेय जाते, हो म्हणावे तर समोर नम्रता उभी होती, आणि तिच्या हातात पळी होती.

“मी कंपनीची माहिती काढायला गेले होते,” ती म्हणाली. “त्यांनी मॅनेजरची जमीन विचारली. आता तिकडचे समजलेत, आपण मुलगा बघायला आलो होतो!”

“मग वाईट काय झालं?” चंदर म्हणाला. “गुरवारी जातंस ना तिकडं? जा. नोकरी-बिकरीचं बघू मागनं. स्थळ हातचं जायला नको.”

“बाबा, मी क्वालिटी इन्स्पेक्टरसाठी जातेय!”

“तेच ते. कंपनी एकच हाय ना?”

नम्रता आत गेली. आतून भांड्यांचे जे आवाज आले त्यावरून तिचे मत घरातल्या सगळ्यांना कळले. तात्या टोपी हातात घेऊन ओटीवरून उठले. मग मागच्या दाराने तिच्याजवळ आले.

“बायो, एक विचारू? पंढरीनं काय सांगितलं असल गो?”

“मला काय माहीत? जाऊन विचारा.”

“अकरा वरसं बोलत नाय मी त्याच्याशी. आता काय बोलून सुरवात करू?”

गुरुवारी आईने नम्रताच्या गळ्यात स्वतःची सोन्याची माळ घातली. आधीच्या पाच मुलाखतींना ती माळ कपाटातच होती. तात्या न विचारता बरोबर आले आणि फाटकाबाहेर बाभळीखाली थांबले. बाटलीच्या तोंडाला या खेपेला दाणे काढलेल्या कणसाचे बुरकुंड होते.

मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडे दोघे बसले होते. एक देसले साहेब, कारखान्याचे प्रमुख. यांच्या डोळ्यांखाली काळे होते आणि समोर गोळ्यांचे पाकीट. दुसरा शेखर हरड. कटिंग नवी, शर्ट नवा, घडीची रेघ अजून मोडलेली नाही. पावडरचा वास थेट दारापर्यंत. आणि खिडकीशी, फायलींच्या कपाटाजवळच्या खुर्चीत, नऊवारी नेसलेल्या एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

“ह्या... ऑडिटच्या आहेत,” शेखर म्हणाला.

“बस गो,” ऑडिटच्या बाई म्हणाल्या. “पायी आलीस का रिक्षानं?”

देसले साहेबांनी तिकडे बघायचे टाळले. शेखरने कागद हातात धरला आणि घसा साफ केला. “मिस वेखंडे, तुमच्या आवडीनिवडी सांगा. म्हणजे... स्वयंपाक वगैरे?”

“जागा क्वालिटीची आहे ना, सर?”

“हो हो. म्हणजे कँटीनची क्वालिटी धरून.”

“मिस वेखंडे,” देसले मध्येच थकलेल्या आवाजात म्हणाले, “आमच्या कंपनीबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?”

हा प्रश्न! कल्याणच्या मार्गदर्शकांनी हाच सांगितला होता. उत्तर म्हणून जे सांगायचे असते तेही सांगितले होते, की कंपनीची उज्ज्वल परंपरा आणि माझी स्वप्ने यांचा संगम मला इथे दिसतो. नम्रताने तोंड उघडले. संगम ओठापर्यंत आला. पण मंगळवारपासून ती संतापलेली होती आणि संतापलेल्या माणसाला पाठांतर आठवत नाही.

“सर, वेबसाइटवर काहीच नाही. पुढच्या दाराशी गुणवत्तेची पाटी आहे, मागच्या दाराशी ताडपत्री. दसऱ्याला माणशी एक पेढा मिळतो. पगार दहाला म्हणतात, बाराला होतो. वर्षभरात क्वालिटीच्या तीन मुली गेल्या, कारण नापास मालावर पास म्हणून सही मागतात.” तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. तीन पांढरी झाकणे घरंगळली. “आणि ही तिन्ही सतरा नंबरची आहेत. एस.टी.त एका मास्तरांच्या पँटवर तपासलीत. आतल्या कडेला एकाच जागी उंचवटा आहे. बाकीचा साचा बहुतेक बरा असेल. सतरावं घर बंद केलं तर ढीग वाढायचा थांबेल.”

शेखरने कपाळ पुसले. सहावे ‘कळवतो’ नम्रताला स्वच्छ ऐकू येऊ लागले. महिनाभरात तुळशीचे लग्न. आणि त्यानंतर आईची माळ गळ्यातच.

देसल्यांनी एक झाकण उचलून उजेडात धरले. नखाने कडा चाचपली. “हे आधीच्या तिघींनाही दिसलं असेल,” ते म्हणाले. “दिसणं अवघड नाही. मीच सह्या करायला लावायचो त्यांना. उद्या तुम्हालाही मी म्हटलं, करा सही, तर?”

नम्रता उत्तर देणार तोच खिडकीतून उत्तर आले.

“ही नाय करायची.”

“आई,” शेखर म्हणाला, “इथं मुलाखत चालू आहे.”

“माझी पन चालू हाय.” अंबूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. “साहेब, आमी चौकशी केलीय हिची. आमच्या मानसांनी बांधावरच्याला विचारलं. तो बोलला, पोरगी अभ्यासात हुशार, वागायला सरळ, पन हिला खोटं चालत नाय. गावच्या टाकीचं पानी खराब, तर भर ग्रामसभेत खराब बोलली. सरपंचानं डोळे वटारले. बाप हात जोडून उभा, बस गो खाली, बस गो खाली. तरी हिनं कागद सोडला नाय, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तो बोलला, भाजी खारट झाली तर ही सासूच्या तोंडावर खारट बोलंल. बघा बाबा, तुमचं तुमी.” मग नम्रताकडे वळून त्या जरा मऊ झाल्या. “राग नको मानू हां बायो. पोरगी तू गुनाची. पन माझ्या हाताला मीठ जास्तच पडतं.”

सोन्यासारख्या शेखरने मान खाली घालून जे काय आले ते गिळले.

देसले मात्र खुर्चीत पुढे सरकले होते. “बापाने हात जोडले, तरी कागद सोडला नाही?”

“नाय सोडला,” अंबूबाई म्हणाल्या.

“सरपंचासमोर?”

“सरपंचासमोर.”

देसल्यांची सदसद्विवेकबुद्धी एकाएकी जागी झाली असा कुणाचा समज होऊ नये. घडले होते इतकेच, की पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या गिऱ्हाइकाने गेल्या महिन्यात दोन ट्रक माल परत पाठवला होता आणि मुलुंडहून मालकांनी कळवले होते, की तिसरा ट्रक परत आला तर त्याच ट्रकने देसल्यांनी घरी जावे. सही करणाऱ्या तिघी त्यांनी पाहिल्या होत्या. आता त्यांना कुणीही सांगितले तरी सही न करणारी एक हवी होती, आणि तसा दाखला कुठलेही कॉलेज देत नाही.

“सोमवारी आठला या,” ते म्हणाले. “हरड, पत्र काढा. आणि सतरा नंबर आत्ता बंद करायला सांगा.”

शेखरने पत्र काढले. पत्र प्रिंटरमधून येईपर्यंत अंबूबाईंनी पिशवीतला डबा उघडून सगळ्यांना एकेक लाडू दिला. आणलाच होता तर परत कशाला न्यायचा, म्हणाल्या. नम्रताने खाल्ला. साखर बेताची आहे, एवढेच म्हणाली. अंबूबाईंनी मुलाकडे ‘बघितलंस?’ अशा अर्थाने पाहिले आणि पिशवी उचलून त्या सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या.

बाभळीखाली तात्या उभेच होते. नम्रताने पत्र त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटे-सुलटे पाहून कपाळाला लावले आणि पंढरीने काय सांगितले ते तिच्याकडून दोनदा ऐकून घेतले.

“बांधाला बांधवाला,” ते म्हणाले. “मी तुला बोललो नव्हतो?” मग पत्राची घडी करत म्हणाले, “अकरा वरसांत पहिल्यांदा तो माझ्या घराबद्दल खरं बोलला. आता जाऊन बोलाय लागेल त्याच्याशी.”

“बाबा काय म्हणतील?”

“चंदरला मी सांगतो. तिकडचेच नको बोलले, असं बोलतो. ऐकून दोन दिस फुगंल, पगार आला का उतरंल.”

“बाराला.”

“बाराला. ती अंबूबाई आताच फाटकावर येऊन गेली, माझ्याकडं. बोलली, तुमच्या माहितीत दुसरी कोन असली, कमी बोलनारी, तर सांगा.”

एस.टी. लांब दिसू लागली. तात्यांनी टोपी सरळ केली, छाती पुढे काढली आणि कंपनीच्या पाटीकडे, पांढऱ्या गणपतीकडे, हिरवळीकडे एकदा असे पाहिले, जणू हे सगळे त्यांनीच चौकशी करून उभे केले होते.

“बघ बायो, नोकरीला मानूस कसा निवडतो ते आज मुरबाडनं बघितलं! आता तू मोठी साहेबीन होशील. दोनशे मानसांचा माल तुझ्या सहीशिवाय हलनार नाय. आमच्या घरान्यात असं कोनी झालं नाय. मोठं काम कर, मान ताठ ठेव, कोनाला भिऊ नको. फक्त एक कर.”

“काय, तात्या?”

तात्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि कणसाचे बुरकुंड उपटून तिला दाखवले.

“सोमवारी येताना एक झाकन आन. सतरा नंबरचं नको.”